कशावरनं? : चौथीचा वर्ग, नागाचं दूध आणि माझा एक लाल शेरा

श्रावण लागला की आमच्या भागात नागाचा विषय काढावा लागत नाही, तो आपोआप निघतो. शिराळा हाकेच्या अंतरावर. तिथली नागपंचमी बघितलेलं कुणी ना कुणी प्रत्येक घरात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने जिवंत नाग पकडण्यावर बंदी घातली आणि पूजा प्रतिमेची होऊ लागली, पण थोरांच्या आठवणीतले नाग अजून जिवंतच आहेत. म्हणून चौथीच्या मुलांना ‘लेखकाचं म्हणणं’ आणि ‘त्याचा पुरावा’ ओळखायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा उतारा मी नागावरच लिहिला. (‘सापावरचा उतारा आहे’ म्हटल्यावर मागच्या बाकावर खसखस पिकली. त्यांच्या घरी उतारा म्हणजे विष उतरवायचा.)

शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत माझ्याकडे. चौथीत १९ मुलं. वाचन बहुतेकांचं बरं आहे, काहींचं उत्तम. म्हणजे अडचण वाचता येत नाही ही नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण मुलं चुकली की आपण पहिला दोष वाचनाला देतो.

उतारा असा होता. वाक्यांना आकडे नंतर घातले, इथे सोयीसाठी तसेच ठेवते.

(१) नागपंचमीला काही ठिकाणी नागाला दूध पाजतात. (२) नाग आवडीने दूध पितो असं पुष्कळांना वाटतं. (३) पण दूध हे नागाचं अन्न नाही. (४) नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं आणि आईचं दूध न पिता स्वतःच शिकार शोधतं. (५) नागाच्या पोटात उंदीर, बेडूक, पक्ष्यांची अंडी सापडतात. (६) गारुड्याकडचा नाग कित्येक दिवस तहानलेला असतो, त्यामुळे समोर जे पातळ येईल त्यात तो तोंड घालतो. (७) फणा काढलेला नाग फार देखणा दिसतो. (८) म्हणून नागाला दूध पाजू नये.

चौथ्या वाक्यात आधी मी ‘सापाचं पिल्लू’ लिहिलं होतं. एका मुलाने तिथल्या तिथे पकडलं, ‘बाई, घोणस पिल्लं घालती, अंडी न्हाय.’ खरं होतं. मी ‘साप’ खोडून ‘नाग’ केलं. त्या मुलाने त्या दिवशी प्रश्नांची उत्तरं मात्र सगळी चुकवली. एवढा बारीक वाचणारा मुलगा चुकतो तेव्हा चूक प्रश्नात किंवा शिकवण्यात असते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

प्रश्न दोन होते. लेखकाचं म्हणणं काय? त्यासाठी लेखकाने कोणता पुरावा दिला आहे?

पहिल्या प्रश्नाला निम्म्याहून जास्त वह्यांत पहिलं वाक्य उतरवलेलं. काहींनी दुसरं वाक्य लिहिलं होतं, म्हणजे लेखक जे खोडतो आहे तेच त्याच्या तोंडी घातलं. पुराव्याखाली तर मौजच होती. एकाने लिहिलं, ‘शंकराच्या गळ्यात नाग आहे.’ दुसरीने, ‘बाईंनी सांगितले.’ तीन-चार जणांनी सातवं वाक्य घेतलं, कारण ते लहान होतं.

पहिलं वाक्य उतरवण्यामागे आळस नव्हता. पहिलीपासून आपण मुलांना ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ हे एकच कसब शिकवलेलं असतं. प्रश्नातला ठळक शब्द धरायचा, उताऱ्यात तो कुठे आहे ते बघायचं, ते वाक्य उचलायचं. गाईडमधली उत्तरंही तशीच बेतलेली. माझ्या प्रश्नात ‘लेखक’ हा शब्द होता, उताऱ्यात तो कुठेच नव्हता. धरायला काही सापडेना, म्हणून मुलांनी सुरुवातीपासून सुरुवात केली.

मग मी जे केलं ते बहुतेक शिक्षक करतात. फळ्यावर दोन व्याख्या लिहिल्या. दावा म्हणजे लेखकाला पटवून द्यायची असलेली गोष्ट. पुरावा म्हणजे दाव्याला बळ देणारी माहिती. दोनदा सगळ्यांकडून म्हणवून घेतल्या. वर खुणेचे शब्द दिले: ‘म्हणून’ दिसलं की जवळपास दावा, ‘कारण’ दिसलं की पुढे पुरावा. मुलांना हे फार आवडलं, कारण आता धरायला शब्द मिळाले. दुसऱ्या दिवशी पाणी उकळून पिण्याबद्दलचा उतारा दिला. मुलं ‘कारण’ शोधत सुटली. त्यात एक वाक्य होतं, ‘मागच्या आठवड्यात शाळा दोन दिवस बंद होती, कारण पाऊस फार झाला.’ एकजात सगळ्यांनी ते पुरावा म्हणून लिहिलं.

ही चूक नागाच्या चुकीपेक्षा मोलाची ठरली. मराठीतलं ‘कारण’ दोन कामं करतं. ‘रस्ता ओला झाला, कारण पाऊस पडला’ इथे ते घटना कशामुळे घडली ते सांगतं. ‘रात्री पाऊस पडला असणार, कारण रस्ता ओला आहे’ इथे मला हे कसं कळलं ते सांगतं. शब्द तोच, बाण उलटा. मी मुलांच्या हातात खूण म्हणून जो शब्द दिला, तोच सगळ्यात फसवा निघाला.

वाट सापडली ती खिचडीच्या सुट्टीत. ओट्यावर दोघांचं भांडण चाललेलं.

‘माझी चिक्की तूच खाल्लीस.’

‘कशावरनं?’

‘तुझ्या व्हटाला गूळ लागलाय.’

‘मी घरनं गूळ-शेंगदाणं आणल्यात. ह्यो बघ कागद.’

मी हातातली ताटली घेऊन तिथेच थांबले. यात दावा होता, पुरावा होता, आणि त्या पुराव्याचा दुसराही अर्थ निघू शकतो हे दाखवणारा उलटा पुरावासुद्धा होता. मी फळ्यावर पाठ करून घेत होते ते ही पोरं जेवता जेवता करत होती. आणि त्यासाठी त्यांच्याकडे शब्द होता. ‘दावा’ हा कोर्टाच्या पायरीवरचा शब्द, ‘पुरावा’ टीव्हीवरच्या पोलिसांचा. ‘कशावरनं’ मात्र घरचा.

पुढचे दोन दिवस पुस्तक उघडलंच नाही. फक्त ‘का?’ आणि ‘कशावरनं?’ या दोन प्रश्नांचा खेळ घेतला. मी एक साधं विधान करायचं, मुलांनी दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची. ‘आज तिसरीतली एक मुलगी आलेली नाही.’ का? ताप आलाय. कशावरनं? तिची जागा रिकामी आहे, हजेरीत खाडा पडलाय. ‘दत्ताच्या देवळात आज कार्यक्रम आहे.’ का? गुरुवार आहे. कशावरनं? मंडप घातलाय, भोंगा लागलाय. चार-पाच विधानांत मुलांच्या लक्षात आलं की ‘का’चं उत्तर घटनेच्या मागे असतं आणि ‘कशावरनं’चं उत्तर डोळ्यांपुढे. हे वाक्य मी त्यांना दिलं नाही. एका मुलीने स्वतःहून सांगितलं, ‘का म्हटल्यावर आधीचं सांगायचं, कशावरनं म्हटल्यावर बघितल्यालं सांगायचं.’ व्याख्या म्हणून यात भोकं काढता येतील, पण मी दिलेल्या व्याख्येपेक्षा ही वापरण्यासारखी होती.

खिडकीतून डोंगर दिसतो. उन्हाळ्यात तिथे वणवे लागतात, ते मुलांनी पाहिलेले. मी विचारलं, डोंगरावर आग लागलीय हे गावात बसून कशावरनं कळतं? धूर दिसतो. आणि धूर का निघतो? आग लागली म्हणून. एकाच जोडीवर दोन्ही बाण दिसले. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, अनुमान शिकवताना हेच उदाहरण घेतात, ‘पर्वतो वह्निमान् धूमात्’, डोंगरावर अग्नी आहे, धुरावरून. त्यातले प्रतिज्ञा आणि हेतू म्हणजे आपले दावा आणि पुरावाच. मुलांना मी हे सांगितलं नाही, पण मला स्वतःला बरं वाटलं की आपण काही परकं शिकवत नाही. तेवढ्यात घोणसवाला मुलगा म्हणाला, ‘बाई, आत्ता धुकं हाय की डोंगरावर. तेबी लांबनं धुरागतच दिसतंय.’ न्यायशास्त्रात खोट्या हेतूला हेत्वाभास म्हणतात. तो या पोराने पावसाळी खिडकीतून दाखवला.

मग परत नागाकडे. आठ वाक्यांच्या आठ पट्ट्या कापल्या. गटात बसून आधी एकच ठरवायचं: या आठांतलं कोणतं वाक्य लेखकाला आपल्याला पटवायचं आहे? ती पट्टी मधोमध. बाकीची प्रत्येक पट्टी हातात घेऊन मधल्या वाक्याला ‘कशावरनं?’ विचारायचं आणि हातातली पट्टी उत्तर देते का ते बघायचं. शिवाय एक ताळा: ती पट्टी हाताने झाकायची. ती झाकल्यावर मधलं वाक्य लटकं पडलं तर ती पुराव्याची. काहीच बिघडलं नाही तर बाजूला ठेवायची.

सातवी पट्टी पहिल्याच झटक्यात बाजूला गेली. पहिली आणि दुसरी जायला वेळ लागला. एक गट म्हणत होता की दुसरं वाक्य तर लेखकाच्या विरुद्ध आहे, मग ते लेखकाने लिहिलंच कशाला? चांगला प्रश्न. ‘तुम्ही भांडताना समोरच्याचं म्हणणं आधी बोलून दाखवता की नाही? तू म्हणतोस मी खाल्ली...’ एवढं पुरलं. चौथी आणि पाचवी पट्टी सगळ्यांनी बरोबर लावली.

सहाव्या पट्टीवर, गारुड्याच्या वाक्यावर, घोळ झाला. मधल्या वाक्याला कशावरनं विचारलं तर ते सरळ उत्तर देत नाही. झाकलं तर मात्र काहीतरी कमी पडतं. मुलांना सांगता येईना. मलाही त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. मी ‘हाही पुरावाच धरा’ म्हणून वेळ मारून नेली. ती पुढे मला भोवली.

त्या आठवड्याच्या शेवटी मुलांनी तोच उतारा पुन्हा लेखी सोडवला. उत्तरं पुष्कळ सुधारली होती. एका मुलीने लिहिलं होतं: ‘लेखक म्हणतो की नाग दूध पीत नाही. त्याच्या पोटात उंदीर व बेडूक सापडतात, हा पुरावा आहे. पण माझ्या आज्जीने नागाला दूध पिताना बघितले आहे.’ तिसऱ्या वाक्यावर मी लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘उतारा नीट वाच.’

वही परत दिल्यावर ती उठून उभी राहिली. ‘आज्जीनं बघितलंय की, बाई. शिराळ्यात. स्वतःच्या डोळ्यानं.’ आणि मी म्हणाले, ‘अगं, पण उताऱ्यात काय लिहिलंय?’

ती बसली. मला लगेच काही वाटलं नाही. संध्याकाळी एसटीत बसल्यावर वाटलं. आठवडाभर मी ‘कशावरनं’ विचारायला शिकवलं होतं आणि तिने खरोखर विचारल्यावर माझं उत्तर होतं, छापलंय म्हणून. बाबा वाक्यं प्रमाणम्. तेही माझ्याच हाताने लिहिलेल्या उताऱ्यावरून! पोरीकडे प्रत्यक्ष बघणाऱ्या माणसाची साक्ष होती, माझ्याकडे फक्त कागद.

शिवाय, दुसरी चूक अधिक अवघड जागची होती. प्रश्न काय होता? लेखकाचं म्हणणं आणि लेखकाचा पुरावा ओळख. पटलं का, हे विचारलंच नव्हतं. ओळखणं आणि मान्य करणं ही दोन वेगळी कामं आहेत. तिने लेखकाचा पुरावा बरोबर ओळखून वर आपली असहमती वेगळ्या वाक्यात, ‘पण’ लावून, लिहिली होती. चौथीच्या वहीत यापेक्षा चांगली मांडणी मी क्वचितच पाहिली असेल, आणि मी तीच खोडली.

दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली. तिला काम दिलं, आज्जींना विचारून ये, नेमकं काय काय बघितलं. ती सविस्तर विचारून आली. वहीत दोन रकाने केले, ‘बघितलं’ आणि ‘ठरवलं’. आज्जींनी बघितलं होतं: टोपली, वाटीत दूध, नागाने वाटीत तोंड घातलं, दूध थोडं बाहेर सांडलं, गर्दीने हात जोडले. ‘नागाला दूध आवडतं’ हे त्यांनी ठरवलं होतं. ‘नाग प्यायला’ हे कोणत्या रकान्यात, यावर वर्गात जोरात वाद झाला. शेवटी ते वाक्य दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिलं गेलं. मी ते तसंच राहू दिलं.

रकाने झाल्यावर घोणसवाल्याने सहावं वाक्य पुन्हा वाचलं आणि म्हणाला, ‘ह्ये तर आज्जीलाच उत्तर दिलंय.’ तेच होतं. सहावं वाक्य दाव्याला पाठबळ देत नव्हतं, ते विरोधकाच्या पुराव्याला उत्तर देत होतं. चिक्कीच्या भांडणातला तो कागद! मला जे आठवडाभर सांगता आलं नव्हतं ते आज्जींच्या साक्षीने सुटलं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच वर आली. मधली पट्टी पुन्हा वाचली तर लेखक ‘नाग दूध पीत नाही’ असं कुठेच म्हणत नाही. तो म्हणतो, ‘दूध हे नागाचं अन्न नाही.’ त्या मुलीने दावा जरा फुगवून लिहिला होता, आणि इतर बऱ्याच जणांनीही. मीही तपासताना त्याला बिनदिक्कत बरोबर दिलं होतं. लेखकाचं खरं म्हणणं आणि आज्जींचं बघणं यांच्यात भांडणच नव्हतं. तहानलेला नाग वाटीत तोंड घालेल, त्याने दूध त्याचं अन्न होत नाही. आपण समोरच्याचं म्हणणं थोडं वाढवून घेतो आणि मग त्याच्याशी भांडतो. मोठी माणसं हे रोज करतात.

आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षण परिषदेत मी हे मांडलं तेव्हा एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, ‘चौथीला हे झेपतं का? पुढे सातवी-आठवीत होईलच की.’ प्रश्न गैर नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी २०१० नंतर जी भाषाविषयक मानकं घेतली, त्यांतही याच्या पायऱ्या केल्या आहेत. लेखक आपल्या मुद्द्यांना कारणं आणि पुरावे कसे देतो हे सांगणं चौथीत, कोणता पुरावा कोणत्या मुद्द्याचा हे जुळवणं पाचवीत, आणि आधार असलेले दावे बिनआधाराच्या दाव्यांपासून वेगळे काढणं सहावीत. हा क्रम मला पटतो. फक्त माझा अनुभव असा की मुलं बोलण्यात या तिन्ही पायऱ्या एका भांडणात चढतात. अडतं ते लिहिलेल्या मजकुरात, कारण तिथे ‘कशावरनं?’ विचारायला समोर कुणी नसतं आणि छापील अक्षराला उलट विचारायचं नसतं असं आपणच शिकवलेलं असतं. म्हणून मी उताऱ्याला माणूस दिला. प्रत्येक गटात एकाने ‘लेखक’ व्हायचं, बाकीच्यांनी त्याला विचारायचं, आणि लेखकाने फक्त उताऱ्यातल्या वाक्यानेच उत्तर द्यायचं. उत्तर उताऱ्यात नसेल तर ‘मी ते लिहिलेलं नाही’ म्हणायचं. हे एक वाक्य म्हणवून घेणं फार उपयोगी पडलं. घरची माहिती उताऱ्यात घुसडणं त्याने बरंच थांबलं. शंकराच्या गळ्यातला नागही तेव्हाच बाहेर गेला.

सगळं जमलं असं नाही. दावा शेवटच्या ओळीत असला की अजूनही निम्मी मुलं चुकतात. दावा उघड न लिहिता सुचवलेला असेल तर जवळजवळ सगळीच. आणि काही दिवस पोरांनी नुसता उच्छाद मांडला. गोष्टीतला कोल्हा लबाड होता, कशावरनं? राजाला सात राण्या होत्या, कशावरनं? गोष्ट आणि म्हणणं मांडणारा उतारा यांत फरक आहे हे मी आधी सांगायला हवं होतं. तिसरीच्या रांगेतही हा रोग पसरला.

पण सगळ्यात जास्त काळ माझ्या डोक्यात राहिलं ते आठवं वाक्य. ‘म्हणून नागाला दूध पाजू नये.’ पट्ट्या मांडताना मुलांनी ते एक तर मधोमध ठेवलं होतं किंवा तिसऱ्याच्या खाली. म्हणजे म्हणणी दोन आहेत हे त्यांना कळलं होतं: एक काय खरं आहे याचं, दुसरं काय करावं याचं. एरवी फारसा न बोलणारा एक मुलगा पट्टी हातात धरून म्हणाला, ‘बाई, चॉकलेट माझं अन्न न्हाय. तरी मामा देतोयच की. मग नागाला का न्हाय द्यायचं?’

उत्तर उताऱ्यात नव्हतं. अन्न नाही एवढ्यावरून देऊ नये असं ठरत नाही. मध्ये एक दुवा लागतो, की न मानवणारी गोष्ट पोटात गेली तर अपाय होतो. स्टीफन टूलमिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५८ साली युक्तिवादाचे भाग वेगळे काढून दाखवले, त्यात दावा आणि आधार यांना जोडणाऱ्या या दुव्याला त्याने स्वतंत्र नाव दिलं, कारण बोलणारा तो बहुधा बोलतच नाही. मीही लिहिला नव्हता. माझ्या डोक्यात तो इतका पक्का होता की कागदावर नाही हे मला दिसलंच नाही. ‘लेखक’ झालेल्या मुलीने नियमाप्रमाणे उत्तर दिलं, ‘मी ते लिहिलेलं नाही.’

आता उताऱ्यात सातव्या आणि आठव्याच्या मध्ये एक वाक्य वाढवलं आहे: जबरदस्तीने पाजलेलं दूध श्वासनलिकेत जाऊन नागाला फुप्फुसाचा आजार होऊ शकतो आणि तो मरूही शकतो. पुढच्या वर्षीच्या चौथीला मात्र मी आधी जुनाच उतारा देणार आहे, भोकासकट. नवं वाक्य वेगळ्या पट्टीवर लिहून कपाटात ठेवलंय. कुणी चॉकलेटासारखं काही विचारलं तर काढीन.